धाकूच्या कपाटातला राजदंड

हां, तर राजदंडाचं एक टोक पोपटशेठच्या हातात आणि दुसरं आमच्या धाकूच्या, इथे आपण काल चहासाठी उठलो. पोपटशेठ म्हणजे त्या वेळचे विरोधी बाकावरचे नगरसेवक, वजन शंभर किलोला जरासंच कमी. धाकू भिजून आला तरी पन्नास भरायचा नाही. शेठ ओढतायत, "सोड रे, सोड!" धाकू म्हणतोय, "शेठ, तुम्ही सोडा. तुमचं काय, उद्या पेपरात फोटो येईल. माझी नोकरी जाईल ना!" वर महापौर घंटा बडवतायत, खाली अर्धं सभागृह बाकं वाजवतंय. शेवटी शेठचा पाय माइकच्या वायरीत अडकला आणि ते बसले ते थेट एका पत्रकाराच्या मांडीवर. राजदंड धाकूकडेच राहिला. पण सभा काही राहिली नाही, महापौरांनी ती तहकूब केली.

आणि गंमत ऐका. संध्याकाळी शेठनीच धाकूला बोलावून वडापाव खायला घातला. म्हणाले, "पकड भारी आहे रे तुझी. गावाला नांगर धरायचास का?"

"नाय शेठ, म्हैस. सासऱ्याची."

कालच्या बैठकीला नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. धाकू माझ्या गावचा, मुरबाडकडचा. मी मोहन्याच्या कारखान्यात होतो तेव्हा त्याला मीच इकडे आणला. कारखाना पुढे बंद पडला, मी घरी बसलो, पण धाकू तोवर एका महापालिकेत शिपाई म्हणून चिकटला होता. कुठल्या, ते मी सांगत नाही. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत, तुम्हाला जी आपली वाटेल ती धरा. त्याची नेमणूक सचिव विभागात, म्हणजे नगरसेवकांच्या सभांचं काम बघणाऱ्या खात्यात. सभेच्या दिवशी बाकाबाकावर पाण्याचे ग्लास ठेवायचे, विषयांचे कागद वाटायचे, आणि सगळ्यात मानाचं काम म्हणजे राजदंड. पितळी मुठीचा, छातीएवढा उंच दंड. तो कपाटात फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला असायचा आणि कपाटाची किल्ली धाकूच्या करगोट्याला. सभेच्या सकाळी चिंच लावून मूठ घासायची, महापौरांपुढच्या खाचेत दंड उभा करायचा, आणि सभा संपेपर्यंत बाजूला उभं राहायचं. कोणी रागाने पळवायला आलं तर धरून ठेवायचं. आणि पळवायला येणारे, बाबांनो, दर दोन सभांना एक!

आता तो पोपटशेठ त्या दिवशी का पेटला होता? तर मंडईसाठी. खाडीच्या बाजूला पालिकेची जुनी मंडई आहे, सिमेंटचे ओटे, वर पत्रा, कोपऱ्यात एक नळ. तिथे ओटा नंबर एकतीस धाकूच्या बायकोचा, हौसाबाईचा. सकाळी साडेसातला ती कोथिंबिरीवर पाणी मारून बसायची ते दुपारपर्यंत. पावसाळ्यात शेवळं, कंटोळी असल्या रानभाज्या घ्यायला माणसं कोपरहून यायची तिच्याकडे. दोन मुली त्या ओट्यावर वाढल्या. धाकटीला तर पाटीतच झोपवायची. तर ही मंडई पाडून तिथे गाड्यांसाठी मजल्यामजल्याचा वाहनतळ बांधायचा प्रस्ताव तेव्हा आयुक्तांनी आणला होता. शेठने दंड ओढला, सभा तहकूब झाली, पुढच्या सभेत पुन्हा गोंधळ, त्याच्या पुढच्या सभेत प्रस्ताव 'दप्तरी दाखल'. म्हणजे मेला. कपाटात पुरला.

हौसाबाई नंतर वर्षभर धाकूला ऐकवायची. "भाऊ, बघा ह्यांची अक्कल. माझ्या ओट्यासाठी तो परका माणूस दंड ओढतोय, आणि घरचा माणूस उलट्या बाजूने ओढतोय!"

धाकू म्हणायचा, "माझी ड्यूटी होती ती."

"ड्यूटीला वाढ मग आज जेवायला."

पण धाकूने त्यातून एक धडा घेतला. बावीस वर्षं तो बघत आलेला की दंड खाचेत, तर सभा चालू. दंड हलला, तर सभा बंद. आणि सभेचा होकार नसेल तर आयुक्ताला एक वीटसुद्धा हलवता येत नाही. यातलं शेवटचं तर खरंच आहे. कारभाराची रीतच तशी घातली आहे. अधिकाऱ्याने काम सुचवायचं आणि करायचं, पण करू की नको हे निवडून आलेल्यांनी सांगायचं. आणि दोघांनीही मिळून गावावर अन्याय केला तर कोर्टाची पायरी आहेच. एकाने बी पेरायचं, दुसऱ्याने राखण करायची, तिसऱ्याने वाटे घालायचे. तिन्ही कामं एकाकडे गेली की काय होतं ते मी लहानपणी पाहिलं आहे. आमच्या शाळेचे गुरुजीच गावचे पोस्टमास्तर होते. टपाल महिना महिना यायचं नाही. लोक वैतागून तक्रार करायला निघाले. लिहिता येणार कोणाला? गुरुजींना. गुरुजींनी सुंदर अक्षरात पोस्टमास्तरांविरुद्ध तक्रार लिहिली, सगळ्यांचे अंगठे घेतले, पोस्टात जमा करून घेतली, आणि आठ दिवसांनी शाळेच्या ओसरीवर उत्तर वाचून दाखवलं: 'चौकशी केली. तक्रारीत तथ्य नाही.' आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला वाटलं, सरकारने किती लवकर उत्तर दिलं!

असो. चार वर्षांपूर्वी नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक काही लागेना, आरक्षणाचा वाद कोर्टात पडलेला. मग सरकारने आयुक्तांनाच प्रशासक नेमलं. म्हणजे आयुक्तही तेच, आणि नगरसेवकांच्या सभेचे सगळे अधिकारही त्यांच्याकडेच. सभागृहाला कुलूप लागलं. धाकू इतका खूश की माझ्याकडे पेढे घेऊन आला.

"सुटलो, भाऊ. आता ओढाओढी नाय, आरडाओरडा नाय. खांदा दुखायचा थांबला माझा."

मीही पेढा खाल्ला. खोटं कशाला सांगू.

पहिल्याच महिन्यात एक मजा झाली. रीत अशी की आयुक्तांनी प्रस्तावावर सही केली की फाईल चौथ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर सचिवांकडे जायची, तिथे नोंद, मग सभागृहात. आता सभागृह म्हणजे कोण? पुन्हा चौथ्या मजल्यावरचे साहेब! धाकू फाईल घेऊन खाली जायचा, शिक्का मारून तीच फाईल घेऊन वर यायचा. साहेब डावीकडे आयुक्त म्हणून सही करायचे, धाकू जिना उतरून चढून आला की उजवीकडे प्रशासक म्हणून. लिफ्ट बंद. धाकू एकदा धीर करून म्हणाला, "साहेब, दुसरी सही पण आत्ताच केली तर?"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "धाकू, असं चालत नाही. सभागृहाला विचार करायला वेळ नको का?"

साहेब विनोद करत नव्हते. माणूस सरळ होता तो, सांगून ठेवतो. चहासुद्धा घरून आणायचा. त्याला विचारणारं कोणी नव्हतं, एवढीच काय ती खोट.

तर एक दिवस मंडईत बोलवा उठली की वाहनतळाचं भूत पुन्हा जागं झालं आहे. मी पेपर शेवटच्या पानापासून वाचतो, तिथे मला बारीक अक्षरातली जाहीर सूचनाही सापडली. मंडईची जागा वाहनतळाला देण्याबाबत हरकती असतील तर तीस दिवसांत लेखी द्याव्यात. मी कात्रण घेऊन मंडईत गेलो. चाळीस बायका जमल्या. धाकू दुपारच्या सुट्टीत आला होता. तो ओट्यावर चढला, करगोट्याची किल्ली काढली आणि सगळ्यांना दाखवली.

"ही बघा. दंड माझ्या कपाटात हाय. दंड बाहेर निघाल्याबिगर महासभा होत नाय. महासभा झाल्याबिगर मंडई हलत नाय. निवडणूक होऊ द्या, सभागृह भरू द्या, मग बघू. तोवर कागद लिहून फुकट पाय कशाला झिजवायचे?"

हौसाबाई म्हणाली, "नक्की ना? नायतर भाऊंना अर्ज लिहू दे. एका कागदाने काय बिघडतं?"

"बावीस वर्षं तिथे उभा हाय मी. मला शिकवतेस?"

आणि मी, सातवी पास माणूस, सगळ्या भाऊबंदांचे अर्ज लिहून देणारा, मी काय केलं? मान डोलावली. मला ते पटलं हो! दंड आत, तर सभा कशी होईल? कात्रणात मी शेंगदाणे बांधून घरी नेले. तीस दिवस गेले. एकही हरकत आली नाही.

पुढच्या महिन्यात हौसाबाई मंडईच्या भिंतीवरची नोटीसच उपटून घेऊन आली. धाकूच्या पुढ्यात टाकली. "वाचा." धाकूने मला दिली. मी वाचली: 'महासभा ठराव क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये सर्व ओटेधारकांचे परवाने रद्द करण्यात येत असून...'

"महासभा झालीच नाय!" धाकू ओरडला. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या त्याने आधी काय केलं असेल? कपाट उघडलं. दंड फ्लॅनेलमध्ये जसाच्या तसा. तो तसाच सचिवांपुढे गेला. "साहेब, दंड आतच हाय. ठराव खोटा हाय."

सचिवांनी नोंदवही काढली. त्या तारखेसमोर मंडईच्या फाईलचा क्रमांक होता, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, आणि 'हस्ते' या रकान्यात सही. धाकूची. त्या दिवशी त्यानेच ती फाईल खाली नेली होती आणि त्यानेच वर. अकरा मिनिटांत महासभा झाली होती, आणि ती त्याच्या बगलेत होती.

घरी येऊन हे सांगताना तो हसत होता. असं हसणं मी स्मशानात पाहिलं आहे.

मग आम्ही तिघे चौथ्या मजल्यावर गेलो. हौसाबाईने साहेबांना हात जोडले. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "बाई, महासभेचा ठराव आहे. आयुक्ताला तो बदलता येत नाही. मी फक्त अंमलबजावणी करणारा."

मी विचारलं, "साहेब, पण महासभा कोण?"

"सध्या मीच. पण त्या नात्याने मी निर्णय घेऊन झाला आहे. हरकती मागवल्या होत्या, एकही आली नाही. मी काय समजायचं?"

हौसाबाईने धाकूकडे पाहिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

टेंभी नाक्याजवळ एका वकिलाकडे गेलो. त्याने पहिला प्रश्न तोच विचारला, "मुदतीत हरकत घेतलीत?" तरी भला माणूस, त्याने अर्ज लावला. कोर्टाने ऐकून घेतलं. नाही असं नाही, दोन तारखांना ऐकलं. मग सांगितलं की शहरात मंडई हवी की वाहनतळ, हे ठरवणं सभागृहाचं काम, कोर्टाचं नाही. ठराव रीतसर दिसतो, मुदतीत हरकत नाही. नवं सभागृह आलं की त्याच्याकडे दाद मागा. मी बाहेर येऊन वकिलाला म्हटलं, "पण सभागृह रिकामं आहे ना!" तो म्हणाला, "आजोबा, रिकामं असलं तरी त्याचा मान राखावा लागतो."

मंडईचा पत्रा काढला. नळ तोडला. सिमेंटचे ओटे तेवढे राहिले, कारण ठेकेदाराचं यंत्र दुसरीकडे अडकलं होतं. बायका उन्हात छत्र्या लावून बसायला लागल्या. ओटा आहे तोवर आपण आहोत, असं हौसाबाई म्हणायची. धाकू आता दुपारच्या सुट्टीत तिथे जायचा नाही. बायका विचारायच्या ना, "काय धाकूदादा, किल्ली हाय का कनवटीला?"

यंदाच्या जानेवारीत एकदाची निवडणूक झाली. प्रचारात आजूबाजूच्या प्रभागांतले मिळून अकरा उमेदवार मंडईत हात जोडून गेले. अकराही जणांनी ओट्याला हात लावून शब्द दिला, आणि हौसाबाईने प्रत्येकाला कोथिंबिरीची जुडी दिली. त्यातले सात निवडून आले. त्यांत एक मेघना म्हणून पोरगी, मंडईच्याच प्रभागातली, क्लास घेणारी. तिने दुसऱ्याच सभेत फेरविचाराचा विषय लावून घेतला: वाहनतळाचा ठराव रद्द करावा आणि ओटे राखावेत. धाकूने दंड बाहेर काढला. चार वर्षांचं काळं चढलं होतं, दोन दिवस चिंच लावत होता. मला म्हणाला, "भाऊ, आता सभागृह भरलेलं हाय. आता बघा."

मी आणि हौसाबाई वर प्रेक्षकांत बसलो. ती ठेवणीतलं लुगडं नेसली होती.

मेघना बोलायला उभी राहिली. चांगली बोलली पोरगी. तिसऱ्या मिनिटाला माइक बंद झाला. तिने इकडेतिकडे पाहिलं. ओट्याला हात लावून शब्द देणारे बाकीचे सहा जण विषयांचे कागद वाचत होते, जणू आत्ताच शाळेत घातलंय. पक्षाचा आदेश सकाळीच आला होता. महापौरबाई म्हणाल्या, "मतदानाला घेऊ." तेव्हा मेघना बाकाबाकातून धावत पुढे आली आणि तिने दंडाला हात घातला. धाकूने सवयीने धरला.

"काका, सोडा ना," ती म्हणाली. ओरडून नाही, घरातल्या माणसाला सांगावं तसं.

धाकूने वर पाहिलं. हौसाबाई पदराचे दोरे काढत बसली होती.

आणि धाकूने दंड सोडला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मेघना मागच्या मागे पडता पडता राहिली. तिलाही ते अपेक्षित नव्हतं. तिने दंड वर धरला. "सभा तहकूब करा!"

महापौरबाईंनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी जाडजूड कायदा उघडला, चष्मा पुसला, पान लावलं. "महोदया, अधिनियमात राजदंडाचा उल्लेख कुठेच नाही. सभासद पुरेसे हजर आहेत. सभा चालू शकते."

"विषय क्रमांक चौदा. फेरविचार नामंजूर, पूर्वीचा ठराव कायम. मंजूर?"

"मंजूर, मंजूर, मंजूर."

एक कांदा चिरायला याहून जास्त वेळ लागतो. मेघना दंड घेऊन तिथेच उभी. तो कुठे ठेवावा ते तिला कळेना. धाकूच पुढे झाला. "द्या ताई, जड असतो." त्याने मूठ बाहीने पुसली आणि दंड खाचेत उभा केला. विषय क्रमांक पंधरा सुरू झाला, रस्त्याच्या दिव्यांचा.

हौसाबाई मला एवढंच म्हणाली, "भाऊ, चला. उन्हाने भाजी करपली असेल."

आठ दिवसांनी धाकूला कारणे दाखवा नोटीस आली. कर्तव्यात कसूर. जुने साहेब बदलून विदर्भात गेले होते, ही नव्या साहेबांची. धाकूच्या निवृत्तीला पाच महिने राहिलेले. मी म्हटलं, "अरे, मी लिहून देतो. हात घामेजला, निसटला, असं लिहू. सुटशील." तो नको म्हणाला. अर्जाचं काम असून त्याने मला पेन घेऊ दिलं नाही, हे प्रथमच. स्वतः लिहिलं, दोन रात्री लावून, मुलीच्या जुन्या वहीच्या पानावर. मला फक्त वाचायला दिलं. मी त्याची नक्कल उतरून ठेवली आहे. त्यातला शब्द न् शब्द त्याचा, मी कान्याचाही फरक केलेला नाही:

"मा. आयुक्त साहेब यांस, सचिव विभागातला शिपाई धाकू याचा खुलासा. त्या दिवशी राजदंड माझ्या हातातून निसटला नाही, मी सोडला. मला कोणी पैसे दिले नाहीत, मी दारू पीत नाही. मी धरतो म्हणून सभा चालते असे मला सव्वीस वर्षे वाटत होते. चार वर्षे तो कपाटात होता तेव्हा मंजूर झाले, आणि त्या दिवशी तो माझ्या हातात नव्हता तेव्हाही मंजूर झाले. म्हणून माझ्यामुळे पालिकेचे काही अडले असे दिसत नाही. नोटीस आपण काढली, चौकशी आपण करणार, शिक्षा आपण देणार, तर माझे काय म्हणणे आहे ते लिहून काही फरक पडेल असे मला वाटत नाही, पण नियम आहे म्हणून लिहिले. एकच विनंती आहे. ओटा नंबर एकतीस ज्या दिवशी तोडणार तो दिवस आधी सांगावा. त्या दिवशी मला रजा पाहिजे, कारण हौसाबाईला घरात धरून ठेवायला दुसरे कोणी नाही."